सीडी खराब नव्हती, मर्दा

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, जिथं कुठं रेडिओ लावून बसलाय तिथं जरा आवाज वाढवा. आज कॉलेजच्या पोरांवरचा एक पिक्चर, 'द रूल्स ऑफ अट्रॅक्शन', २००२ चा, डायरेक्टर रॉजर अ‍ॅव्हरी. मूळ कादंबरी ब्रेट ईस्टन एलिसची, १९८७ ची. पण आधी माझा किस्सा ऐका.

आम्ही चौघं टिळकवाडीत खोली करून राहायचो. जुलै महिना, बेळगावचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा, चार दिवस कपडे वाळत नव्हते. प्लेअर भाड्याचा, सीडी भाड्याची, वाटलं कॉलेजची लव्हस्टोरी असणार. लावली आणि थोड्या वेळात पिक्चर उलटा पळायला लागला! माणसं मागं मागं चालतायत. खानापूरचा दोस्त ओरडला, "मर्दा, रिमोटवर कोण बसलंय?" रिमोट टेबलावर. मग सीडी काढली, बनियननं पुसली, फुंकर मारली, फुंकर मारली की सीडी चालते असा आमचा पक्का विश्वास, परत लावली तर परत तिथंच उलटा. कसाबसा शेवटापर्यंत बघितला तर हिरो बोलत बोलत वाक्याच्या मधेच बंद!

एका छत्रीत चौघं तसेच दुकानात. "अण्णा, सीडी खराब हाय, पैसे परत द्या." अण्णांनी सीडी ट्यूबलाईटखाली तिरकी धरली, म्हणाले, "येन्री, एक ओरखडा दाखवा." कुठनं दाखवणार? दुकानातल्या टीव्हीवर लावली, तिथंपण उलटा, शेवटाला नेली, वाक्य अर्धंच. अण्णा म्हणाले, "तुमच्याआधी तिघं भांडून गेले. पिक्चरच तसा हाय." पैसे गेलेच, वर नऊ वाजून गेले म्हणून दुसऱ्या दिवसाचं भाडं लावलं.

तर लक्षात घ्या, कादंबरीच अर्ध्या वाक्यात सुरू होते आणि अर्ध्या वाक्यात संपते. परत सांगतो, अर्ध्यात सुरू, अर्ध्यात बंद. प्रत्येक पात्र आपापल्या तोंडानं गोष्ट सांगतं आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. कॉलेजातला पॉल म्हणतो, त्याच कॉलेजातल्या शॉनचं नि माझं प्रेम होतं, शॉनच्या पानांवर त्या प्रेमाचं नावनिशाण नाही. आपल्याकडं कॉलेजचा पिक्चर म्हणजे गॅदरिंग नि नाच. इथं पार्ट्या आहेत, नशा आहे, आणि कुणीच कुणाचं पूर्ण ऐकून घेत नाही. एका सीनला पडदा दोन भागात, एकीकडं शॉन चालतोय, दुसरीकडं त्याच कॉलेजातली लॉरेन, दोघं समोरासमोर आले की दोन चौकटींची एक होते. तेवढाच काय तो पिक्चरमधला मऊ क्षण.

आणि शॉनला निनावी चिठ्ठ्या येतात. त्याला वाटतं लॉरेनच्या. लिहिणारी मेसमधली एक पोरगी असते, तिचं पुढं जे होतं ते बघवत नाही. आम्ही महिन्याभरानं अण्णांकडनं तीच सीडी परत आणली, नुसतं तिला शोधायला. अण्णा हसले, पण भाडं घेतलंच. पॉज करून करून बघितलं तर आधीच्या सीन्समध्ये मागं कुठंतरी ती उभी असतेच, आणि पहिल्या वेळी आम्हा चौघांपैकी एकालाही दिसली नव्हती.