खिळ्यांनी बांधलेलं लाकूड

श्रोतेहो, नमस्कार.

घरात जुना, बंद पडलेला लाउडस्पीकर असेल, तर भंगारात देण्याआधी मागचा गोल लोहचुंबक काढून घ्या आणि सुतळीला बांधून ठेवा. जुनं लाकूड घरी आणणाऱ्याचं पहिलं हत्यार तेच. मी आयुष्यभर मुलांना सुतारकाम शिकवलं, पण ही गोष्ट मला पटली ती निवृत्तीनंतर, परदेशात, जावयाच्या गॅरेजमध्ये. तीही करवतीच्या पात्याचे तीन दात उडाल्यावर.

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं अमेरिकेत गेलो होतो. तिच्या गावातलं एक बोलिंग सेंटर मोडीत निघालं होतं. बोलिंग आता आपल्याकडेही मॉलमध्ये दिसतं. लांब, गुळगुळीत पट्टीवरून जड चेंडू सोडायचा आणि पलीकडच्या दहा खुंट्या पाडायच्या. हल्लीच्या पट्ट्या बहुतेक कृत्रिम असतात, पण तिकडे कित्येक वर्षं त्या अस्सल लाकडाच्या होत्या. तसल्याच एका पट्टीचा सहा फुटांचा तुकडा जावयानं आणला. ऐंशी किलोंच्या वर वजन, गाडीतून उतरवायला चौघे लागले.

मी आधी खाली बसून त्याची कड पाहिली. वरून दिसत होत्या इंचाहून किंचित जास्त रुंदीच्या 39 पट्ट्या, शेजारी शेजारी, सगळ्या मिळून साडेतीन फूट. कडेनं पाहिलं तर एकही पट्टी आडवी नव्हती. कपाटात पुस्तकं लावतो तशा सगळ्या उभ्या, अडीच इंच खोल. पृष्ठभाग झिजला, खड्डे पडले की घासून पुन्हा सपाट करायचा आणि त्यासाठी पोटात भरपूर लाकूड शिल्लक ठेवायचं, असा तो हिशेब. पाहता पाहता मी हात जोडले, खरंच सांगतो.

आणखी एक हिशेब ऐका. चेंडू सोडायच्या रेषेपासून पहिल्या खुंटीपर्यंत बरोबर 60 फूट. त्यातले पहिले पंधरा-सोळा फूट मेपलचे, कारण 16 पौंडांपर्यंतचा, म्हणजे सव्वासात किलोंचा चेंडू तिथे आदळतो. पुढे पाइन, कारण तिथे चेंडू नुसता सरकतो. शेवटी खुंट्या धडाधड पडतात तिथे पुन्हा मेपल. जिथे घाव बसायचा तिथे कठीण लाकूड, बाकी ठिकाणी मऊ. मेपल संपून पाइन सुरू होतं तिथला सांधा तर बघत राहावा असा. एक पट्टी पुढे, एक मागे, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसा. आमच्या तुकड्यात तो आला होता. एका बाजूला फिकट, दुधाळ मेपल आणि दुसऱ्या बाजूला मधासारखं पिवळं पाइन.

पण या पट्ट्या चिकटवलेल्या नसतात. प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीला आडव्या खिळ्यांनी ठोकलेली असते. वरून एकही खिळा दिसत नाही, आत मात्र सगळं लोखंडच लोखंड. आमचं पातं तिथेच गेलं. मग खिळे कापणारं कार्बाइडचं पातं आणलं, चष्मा लावला, जुन्या पॉलिशची धूळ उडते म्हणून तोंडाला मास्क बांधला, आणि चुंबक फिरवून खिळे कमी असतील अशी जागा शोधून तिथेच काप घेतला. रुंदी कमी करायला मी जावयाला साफ मनाई केली. उभा काप घेतला की खिळे अर्धे होतात आणि कडेच्या पट्ट्या सुटून हातात येतात. रुंदी कमी करणं भागच असेल, तर आरपार भोकं पाडून लोखंडी आटेदार सळ्या घाला आणि दोन्ही बाजूंनी नट आवळा. आम्ही तो तुकडा पूर्ण रुंदीचाच ठेवला, खाली जाड पाय दिले, आणि वर्कबेंच तयार. त्यावर कितीही घण मारा, ते हलत नाही. फळीवर चेंडू नेमका सोडण्यासाठी जडवलेले गडद बाण असतात. त्यातले दोन आमच्या बेंचवर आले. जावई ते घासून काढायला निघाला होता, मी त्याचा हात धरला.

हे सगळं बडोद्यात बसून का सांगतोय? परत आलो त्याच आठवड्यात दांडिया बाजारात आमच्या नात्यातला एक वाडा उतरवत होते. कडीपाटाचं छत, जुनं सागवान, हाताला अजून तेलकट लागणारं. कंत्राटदाराची माणसं तुळया करवतीनं चार-चार फुटांवर कापत होती, कारण टेम्पोत तेवढ्याच मावतात. ज्या तुळईनं दोन मजले पेलले, तिचे पाच ओंडके. मी तिथून हललोच नाही. बोलाचाली झाली, शेवटी पैसे मोजून दोन तुळया आणि सात पाट मी अख्खे वाचवले. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, म्हणून तिथली चित्रं आणि लाकूडकाम आपल्याला पाहायला मिळतं. बाकीच्या वाड्यांना कोण विचारतं? सयाजीराव महाराजांनी 1890 साली ज्या शहरात कलाभवन काढून हुन्नराला शाळेचा मान दिला, तिथे सुतारानं घडवलेली तुळई वजनावर जावी, याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही असं लाकूड आणाल तेव्हा घाई करू नका. आधी चुंबक फिरवा. वाड्यात घडीव खिळे असतात आणि त्यांची डोकी कधी कधी लाकडात पार बुडालेली असतात. लाकडात काळा डाग दिसला की तिथे खिळा असणार असं समजा. सागवानाच्या अंगात वाळूचा अंश असतो, त्यामुळे रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. दोन पाती धार लावून जवळ ठेवा. त्यात तेलही असतं, म्हणून सांधा चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्यानं पुसा आणि लगेच गोंद लावा. तासाभरानं लावलात तर तेल पुन्हा वर येतं.

जुन्या खाचा मात्र बुजवू नका. बेंचसाठी घेतलेल्या माझ्या तुळईत, जिथे खांबाचं कुसू, म्हणजे वरचं निमुळतं टोक, बसायचं, तिथे एक चौकोनी भोक होतं. लाकडाच्या तुकड्यानं ते भरून टाक, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. मी त्यात बाभळीचा एक ठोकळा घट्ट बसवला, वरखाली होईल असा. रंधा मारताना फळी पुढे सरकू नये म्हणून बेंचला असा अडथळा लागतोच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा सुतारानं पटाशीनं पाडलेलं ते भोक आहे. चारही कोपरे आजही गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात आहेत, मी गुण्या लावून पाहिलं.

रावपुऱ्यात पुढच्या आठवड्यात आणखी एक वाडा उतरवणार आहेत. मालकांशी मी बोललो आहे. तुळया न कापता उतरवायला ते तयार आहेत, फक्त त्या ठेवायला जागा हवी आणि उचलायला सात-आठ माणसं. रविवारी सकाळी आठ वाजता मी चुंबक घेऊन तिथे असेन.