पोटातली मात्रा आणि रक्तातली मात्रा

श्रोतेहो, नवे औषध माणसाला देण्यापूर्वी प्राण्यांना का द्यावे लागते, हे १९३७ साली अमेरिकेत घडलेल्या एका दुर्घटनेवरून कळते. सल्फानिलामाइड हे उपयुक्त औषध पातळ स्वरूपात विकता यावे म्हणून डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले गेले. त्याची चव, रूप आणि वास पाहिले गेले, पण विषारीपणा कोणी तपासला नाही, आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत लहान मुलेही पुष्कळ होती. जीव घेतला तो औषधाने नव्हे, तर ज्यात ते विरघळवले होते त्या द्रवाने. म्हणूनच आज तुलनेच्या गटातील प्राण्यांना औषधाविना तोच द्रव पाजतात.

पोटात घेण्याच्या औषधाची चाचणी बहुधा रॅट जातीच्या उंदरांवर सुरू होते. अठ्ठावीस दिवसांच्या नेहमीच्या चाचणीत प्रत्येक गटात किमान पाच नर व पाच माद्या असतात. तुलनेचा गट सोडून तीन चढत्या मात्रा ठरवतात आणि औषध नळीने थेट जठरात सोडतात. सर्वांत मोठ्या मात्रेने अपाय दिसावा, पण मृत्यू किंवा तीव्र यातना होऊ नयेत, आणि सर्वांत लहान मात्रेने काहीच बिघडू नये, अशी ही आखणी असते.

मला आज ज्यावर भर द्यायचा आहे तो मुद्दा याच्या पुढचा आहे. जठरात सोडलेले औषध रक्तात पोहोचतेच असे नाही. ते पाण्यात फारसे विरघळत नसेल, तर मात्रा दुप्पट केली तरी रक्तातील प्रमाण जवळपास तेवढेच राहते आणि उरलेले औषध विष्ठेवाटे निघून जाते. काही औषधांचा बराचसा भाग यकृतच पहिल्या फेरीत मोडून टाकते. अशा वेळी सर्वांत मोठ्या मात्रेलाही प्राणी ठणठणीत राहिले, तर औषध निरुपद्रवी आहे असे म्हणता येत नाही. ते शरीरात पुरेसे गेलेच नसेल. म्हणून ठरावीक वेळांना रक्त घेऊन औषधाची पातळी मोजावी लागते. लहान प्राण्याचे वारंवार रक्त काढल्याने मूळ निरीक्षणेच बिघडू नयेत, यासाठी बहुधा वेगळे प्राणी राखून ठेवतात. हे मोजमाप वगळून काढलेला ‘अपाय नाही’ हा निष्कर्ष मी मान्य करणार नाही, कारण त्या प्राण्यांचे जीव घेऊनही आपल्याला काही कळलेले नसते.

वजन, खाणे, रक्तातील यकृताची विकरे, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन या नोंदी होतातच. अखेरीस शवविच्छेदन करून ऊतकांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. उंदराला ओकारी येत नाही, त्यामुळे मळमळ करणारे औषध त्याच्यात ओळखणे कठीण जाते. कुत्र्यासारखी दुसरी, कृंतक (कुरतडणारा प्राणी) नसलेली जात घेण्याचा हाही एक फायदा आहे.

यातून अपाय न करणारी सर्वांत मोठी मात्रा ठरते. समजा, उंदरात ती दर किलोग्रॅम वजनामागे ६२ मिलिग्रॅम आली. शरीराच्या पृष्ठभागाचा विचार करून तिला ६.२ ने भागले, की माणसासाठी दर किलोग्रॅममागे १० मिलिग्रॅम येतात. त्यालाही किमान दहाने भागून दर किलोग्रॅममागे १ मिलिग्रॅम ही पहिल्या मानवी चाचणीतील सुरुवातीच्या मात्रेची कमाल मर्यादा धरतात; मात्र कुत्र्यावरून काढलेला आकडा याहून लहान आला, तर सहसा तोच पाळतात.