एका मिनिटाची नोकरी

(पडद्यावर: रिकामी रिंग, वरून एकच दिवा. घंटेचा आवाज.)

घंटा वाजते. तीन मिनिटांची फेरी संपते आणि बॉक्सर आपल्या कोपऱ्याकडे वळतो. तो पोहोचायच्या आत दोरांखालून स्टूल आत सरकलेलं असतं. एक माणूस दोर ओलांडून त्याच्यासमोर गुडघ्यावर बसतो, दुसरा बाहेरच्या कडेवर उभा राहतो, तिसऱ्याच्या हातात बादली असते. पुढच्या घंटेला बरोबर साठ सेकंद आहेत.

टीव्हीवर हे मिनिट आपण जाहिरातींना देऊन टाकतो. आजची गोष्ट त्याच मिनिटात काम करणाऱ्या माणसांची आहे. ठोसा न मारताही या खेळात आयुष्य काढता येतं. ते कसं, हे त्यांच्याकडूनच कळतं.

(पडद्यावर: कापसाच्या काड्या, व्हॅसलिनचा डबा, बर्फ.)

आधी कटमॅन, म्हणजे जखमांचं रक्त थांबवणारा. भुवई फाटली की रक्त डोळ्यात उतरतं, समोरून येणारा ठोसा दिसेनासा होतो. जखम वाढली तर लढतच थांबते. कटमॅन ॲड्रेनलिनच्या द्रावणात, हजाराला एक या प्रमाणात, बुडवलेली काडी थेट जखमेत धरतो आणि दाबून ठेवतो. न्हावी तुरटी फिरवतो तसं वरवर फिरवून इथे भागत नाही. सूज असेल तर बर्फात ठेवलेला, छोट्या इस्त्रीसारखा धातूचा तुकडा तिच्यावर टेकवायचा. मग भुवयांवर व्हॅसलिन, म्हणजे ग्लोव्ह घसरून जाईल. टाके लढत संपल्यावर. स्टूल, पाणी, चढणं-उतरणं यातच दहा-पंधरा सेकंद गेलेले असतात.

हे काम जुन्या कटमॅनच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. मोबदला बॉक्सरच्या मानधनातून मिळतो, प्रथेनं दोन-तीन टक्क्यांच्या घरात. चार फेऱ्यांची लढत खेळणाऱ्या नवख्या मुलाला वेगळा कटमॅन परवडत नाही. तिथे ट्रेनरच काडी हातात घेतो.

ट्रेनरचं काम घंटेच्या कितीतरी आधी सुरू होतं. बॉक्सरच्या हातांना पट्ट्या बांधणं ही स्वतंत्र कला आहे. त्या बांधल्या जात असताना प्रतिस्पर्ध्याच्या गोटातला एक माणूस समोर उभा राहून पाहतो. २४ जानेवारी २००९ ला लॉस एंजेलिसमध्ये शेन मोझलीचे ट्रेनर नाझीम रिचर्डसन असेच उभे होते. समोर मोझलीचा प्रतिस्पर्धी अंतोनियो मार्गारितो. त्याच्या पट्ट्यांमध्ये रिचर्डसनना काहीतरी टणक असल्याचा संशय आला. त्यांनी पट्ट्या सोडायला लावल्या. आत कडक झालेले पॅड सापडले. मार्गारितो आणि त्याचा ट्रेनर, दोघांचेही परवाने रद्द झाले. मोझलीने ती लढत जिंकली. मला विचाराल, तर त्या रात्रीचं सर्वांत मोलाचं काम ड्रेसिंग रूममध्येच झालं होतं.

(पडद्यावर: न्यूयॉर्कचे जुने, कृष्णधवल रस्ते.)

अँजेलो डंडी. मोहम्मद अलीचा ट्रेनर म्हणून जग त्यांना ओळखतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते न्यूयॉर्कच्या स्टिलमन्स जिममध्ये आले, ते बादली उचलायला. नामवंत ट्रेनर कसे बोलतात, कसे पट्ट्या बांधतात, रक्त कसं थांबवतात, हे त्यांनी बाजूला उभं राहून टिपलं. आपल्याकडे याला उमेदवारी करणं म्हणतात. तालमीत वस्तादाच्या हाताखाली असंच शिकतात.

२५ फेब्रुवारी १९६४, मायामी बीच. अली तेव्हा कॅशियस क्ले होता, वय २२. चौथी फेरी संपवून तो कोपऱ्यात आला तो डोळे जळतात म्हणून ओरडतच. काही दिसत नव्हतं. ग्लोव्ह कापून काढा, म्हणाला. डंडींनी स्पंजने त्याचे डोळे धुतले, त्याला उभा केला आणि रिंगमध्ये ढकलला. पाचवी फेरी क्ले नुसता पळत राहिला. मग नजर साफ झाली. सातव्या फेरीसाठी समोरचा, तेव्हाचा जगज्जेता सनी लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. क्ले जगज्जेता झाला. त्या मिनिटात डंडी डगमगले असते, तर पुढचा अली कुठून येणार होता?

(पडद्यावर: फोन, कागद, जोड्यांची यादी.)

कोपऱ्यापासून दूर, फोनवर चालणारी कामंही आहेत. मॅचमेकर हे त्यातलं खास. गावच्या यात्रेत कुस्तीचा फड भरला की जोड लावणारी जाणती माणसं असतात ना, तेच हे काम. कुणाचं वजन किती, कोण कुणाला भारी पडेल, हे डोक्यात हवं. प्रमोटर पैसा लावतो, सभागृह घेतो, तिकिटं विकतो. मॅनेजर बॉक्सरच्या बाजूने करार करतो, आणि बॉक्सरच्या कमाईचा अगदी तिसरा हिस्साही त्याच्याकडे जाऊ शकतो. ट्रेनरचा वाटा प्रथेनं दहा टक्के. हे सगळं वजा झाल्यावर ठोसे खाणाऱ्याच्या हाती काय उरतं, हा प्रश्न अमेरिकेत इतका पेटला, की २००० साली अलीच्याच नावाने कायदा करावा लागला. प्रमोटरने मॅनेजरच्या धंद्यात पैशाचे हितसंबंध ठेवायचे नाहीत, हे त्यातलं महत्त्वाचं कलम.

आणि हरण्यासाठीच बोलावले जाणारेही असतात. इंग्लंडच्या बर्मिंगहॅमचा पीटर बकली ३०० व्यावसायिक लढती लढला. त्यातल्या २५६ हरला. उगवत्या मुलांना कसलेला प्रतिस्पर्धी हवा असतो, तो बकली होता. थोड्या दिवसांची सूचना मिळाली तरी उभा राहायचा, आणि स्वतःला जपून लढायचा, कारण पुढच्या आठवड्यात पुन्हा कामावर जायचं असे. त्याला हरलेला म्हणायला माझी जीभ वळत नाही.

लॅरी होम्सने पगारावर अलीचे ठोसे झेलले. पेनसिल्व्हेनियातल्या डियर लेकच्या छावणीत तो स्पारिंग पार्टनर, म्हणजे सरावातला प्रतिस्पर्धी होता. २ ऑक्टोबर १९८० ला तोच अलीसमोर जगज्जेता म्हणून उभा राहिला. दहा फेऱ्यांनंतर अलीच्या कोपऱ्यातून लढत थांबवण्यात आली. थांबवणारे डंडीच. सोळा वर्षांपूर्वी ज्यांनी ढकललं, त्यांनीच.

(पडद्यावर: वरळी, समुद्राकडून दिसणारी इमारतींची रांग.)

आपल्याकडे हा धंदा अजून कोवळा आहे. ऑलिंपिक पदक मिळवलेला विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला, तो मँचेस्टरला जाऊन. त्याचे ट्रेनर ली बियर्ड तिथलेच. ५ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत, वरळीच्या डोममध्ये, त्याने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला हरवलं. प्रेक्षक आपले, बॉक्सर आपला, पण कोपऱ्यातली विद्या बाहेरून आलेली. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत बॉक्सिंग प्रशिक्षणाची पदविका मिळते, तो पाया उत्तम आहे. पण हौशी बॉक्सिंग तीन फेऱ्यांचं, व्यावसायिक जगज्जेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची. अकराव्या फेरीआधी थकलेल्या माणसाला काय सांगायचं, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. बॉक्सिंग सोडलेल्या आपल्या मुलामुलींनी सुरक्षारक्षकाच्या नोकरीआधी या कोपऱ्याकडे पाहावं, असं मला फार वाटतं.

(पडद्यावर: एका म्हाताऱ्या ट्रेनरचे हात, पट्टी गुंडाळताना.)

एडी फच यांना स्वतःला व्यावसायिक बॉक्सर व्हायचं होतं. हृदयातल्या दोषामुळे परवानगी मिळाली नाही, म्हणून ते ट्रेनर झाले. त्यांचा एक बॉक्सर फ्रेडी रोच. फच त्याला म्हणाले, आता थांब. रोचने ऐकलं नाही, आणखी काही लढती लढला. नंतर तोच फच यांच्या हाताखाली आला, आधी बिनपगारी. पुढे हॉलिवूडमध्ये त्याने वाइल्ड कार्ड जिम काढली आणि २००१ मध्ये तिथल्या दारातून फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ आत आला. पण रोचला तोवर पार्किन्सन्स, हात थरथरवणारा मेंदूचा आजार, जडला होता. थांब म्हणणाऱ्याचं ऐकलं नाही तर काय होतं, हे तो हातात पॅड धरून रोज शिकवतो, थरथरत्या हातांनी.

मनिलामध्ये मात्र फच यांनी विचारलंच नाही. १ ऑक्टोबर १९७५. समोरच्या कोपऱ्यात अली आणि डंडी. चौदा फेऱ्या झाल्या होत्या, एकच उरली होती. फच यांचा बॉक्सर जो फ्रेझर, त्याचा एक डोळा सुजून बंद, दुसऱ्याने आधीपासूनच कमी दिसायचं. फच यांनी तरुणपणापासून रिंगमध्ये माणसं मरताना पाहिली होती. ते पंचांना म्हणाले, लढत संपली. फ्रेझर स्टुलावरून उठायला लागला, मला लढायचंय म्हणत. फच यांनी त्याला खाली बसवलं.

पंधरावी फेरी झाली नाही. फ्रेझर त्यानंतर छत्तीस वर्षं जगला. त्यातली बरीचशी फिलाडेल्फियातल्या आपल्या जिममध्ये गेली, पोरांना ठोसा शिकवत.