पाचव्या तारेचा पत्ता

[कारखान्याचं फाटक. मागे कलमांच्या रांगा, वाऱ्याचा आवाज.]

रत्नागिरी, मार्चअखेर. कलमांवर कैरी भरत आली आहे. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या या पल्पच्या कारखान्यात आंबा यायला अजून महिनाभर आहे, आणि तेवढ्या वेळात खोकी रचणारा रोबो कामाला लागायला हवा.

एका खोक्यात ३.१ किलोचे ६ डबे. म्हणजे नुसता पल्पच १८.६ किलो. सीझनमध्ये अशी खोकी दिवसरात्र उचलून पॅलेटवर रचायची. जून उजाडेपर्यंत कंबर कशी होते, ते इथल्या कुणालाही विचारा.

पण हा रोबो आंधळा आहे. पट्ट्यावर खोका आला, हे त्याला एका तारेवरचे २४ व्होल्ट सांगतात. सक्शन कपाने खोका धरला, हे दुसरी तार सांगते. या तारा येऊन मिळतात त्या मॉड्यूलला १६ इनपुट आणि १६ आउटपुट. इथे आहे एबीबी कंपनीचा आयआरसी५ कंट्रोलर, म्हणजे रोबोचा मेंदू, आणि त्यात डीएसक्यूसी ६५२ हे मॉड्यूल.

[पॅनेलचं दार उघडतं. टॉर्चचा उजेड.]

आधी पत्ता. मॉड्यूल आणि कंट्रोलर ज्या तारेवरून बोलतात, त्या डिव्हाइसनेटवर ० ते ६३ असे पत्ते असतात. मॉड्यूलच्या कनेक्टरवरच्या पिनांना १, २, ४, ८, १६, ३२ अशा किमती आहेत. पट्टीवरच्या ज्या पिना तोडल्या, त्यांची बेरीज म्हणजे पत्ता. इथे २ आणि ८ तोडलेल्या, म्हणून १०. कंट्रोलरमध्येही १०च भरायचा, नाहीतर मॉड्यूल समोर असून त्याला सापडत नाही. तारेच्या दोन्ही टोकांना १२१ ओहमचा एकेक रेझिस्टर. वीज बंद करून वायरमन काका दोन डेटा तारांमध्ये मीटर लावतात. दोन रेझिस्टर समांतर, म्हणून निम्मं: साठच्या आसपास. ठीक.

तारेच्या प्रत्येक टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबलेली. खाऱ्या हवेत उघड्या तांब्यावर हिरवा गंज चढायला एक पावसाळा पुरतो.

[मॉड्यूलवरचे बारीक दिवे. अगदी जवळून.]

आता हे नीट बघा. काकांनी सेन्सरसमोर खोका धरला. पाचवा दिवा लागला. पेंडंटवर, म्हणजे रोबोच्या हातात धरायच्या पडद्यावर, मात्र "खोका आला" हा सिग्नल शून्यच. खोका काढला, दिवा विझला. पुन्हा धरला, पुन्हा लागला. पेंडंट ढिम्म.

सेन्सर बदलला, तार बदलली, अर्धी दुपार गेली. शेवटी शिरगावहून येणाऱ्या तरुण इंजिनिअरने सिग्नलचा तक्ता उघडला. टर्मिनलांचे, म्हणजे तारा बसतात त्या जागांचे, आकडे १ पासून. कंट्रोलर मात्र ० पासून मोजतो. पाचव्या तारेची जागा ४, आणि तक्त्यात भरलं होतं ५. रोबो इमानेइतबारे शेजारच्या रिकाम्या टर्मिनलकडे बघत बसला होता.

तिने आकडा बदलला आणि कंट्रोलर रीस्टार्ट केला. तो केल्याशिवाय बदल लागू होत नाही. मग सोळाच्या सोळा तारा एकेक करून हाताने तपासल्या. एकजण सेन्सरजवळ, एकजण पेंडंटपाशी. "तीन?" "आला." "चार?" "आला." हे काम कंटाळवाणं आहे, पण रोबोचा हात हलायच्या आधी ते झालंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. इमर्जन्सी स्टॉप या सोळात नाही. त्याच्या दोन वेगळ्या साखळ्या थेट सेफ्टी सर्किटमध्ये जातात, आणि तिथेच जायला हव्यात.

मग नावं. सिग्नलचं नाव रोमन अक्षरांत टाकावं लागतं, पण शब्द आपले चालतात. व्हॅक्यूमच्या आउटपुटला तिने नाव दिलं "खोका_सोड". "व्हॅक्यूम_चालू" का नाही?

मे महिन्यात वळीव आला की इथे लाईट जाते. रोबोचे ब्रेक हात जागच्या जागी धरतात, पण व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह चालू राहायला वीज लागत असेल, तर खोका सुटणार. म्हणून व्हॉल्व्ह उलट्या जातीचा घेतला. वीज नसताना तो उघडा राहतो, आणि टाकीत दाबाची हवा आहे तोवर कप खोका धरून ठेवतो. वीज दिली की सोडतो. आउटपुट १ म्हणजे "सोड". तेच नाव दिलं, म्हणजे रात्रपाळीला कुणीही तक्ता उघडला तरी त्याची गफलत व्हायला नको. सगळ्या कामात मला हीच ओळ सर्वांत मोलाची वाटली.

[जमिनीवर पिवळी पट्टी. सगळे तिच्या मागे. हवेत, कपाखाली, एक खोका. त्याच्या खाली जुनी गादी.]

काकांनी मेन स्विच पाडला. पंखे थांबले. खोका तसाच. टाकीच्या गेजवरचा काटा हळूहळू उतरतोय. तिच्या हातात घड्याळ. सहाव्या मिनिटाला खोका सुटून गादीवर पडला.

इथला जनरेटर दोन मिनिटांत चालू होतो.