रब्बी नव्हे, हझान

श्रोतेहो, नमस्कार आणि शालोम.

निवेदकांनी माझी ओळख ‘रब्बी’ अशी करून दिली. मान मोठा आहे, पण तो माझा नाही. मी हझान. रब्बी म्हणजे धर्मशास्त्राचा अभ्यास केलेला, निवाडा देणारा माणूस. आम्हा बेने इस्रायलांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, पिढ्यान्‌पिढ्या असा माणूस नव्हताच. हझान प्रार्थना चालवतो, सेफेर तोरा म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी वाचतो, लग्न लावतो आणि मयताला पुढे उभा राहतो. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, आधी माझे वडील हे काम करत, त्यांच्यामागे मी केलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा थांबलो.

रब्बी नाही तर धर्म टिकला कसा, असं बाहेरचे लोक विचारतात. आमचे पूर्वज अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले, असं आम्ही लहानपणापासून ऐकलं. ग्रंथ गेले, भाषा गेली. उरलं काय, तर ‘शेमा इस्रायल’ ही एक प्रार्थना, मुलांची सुंता, खवल्यांचाच मासा खाणं आणि शनिवारचा विसावा. धंदा तेलाचा, त्यामुळे शनिवारी घाणा बंद. गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. पुढे दाविद राहाबी नावाच्या गृहस्थांनी तिघांना शिकवून तयार केलं. त्यांच्या घराण्यांना काजी म्हणत. गावोगाव फिरून लग्नं लावायची, भांडणं मिटवायची, ही त्यांची कामं. मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग समाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं ते १७९६ साली, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर. त्याआधीचा सगळा काळ धर्म घरात होता, आणि खरं सांगायचं तर स्वयंपाकघरात होता. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, चिकाचा हलवा, बिरड्याच्या सणाला सोललेल्या वालांचं बिरडं, मटणाच्या जेवणात दुधाऐवजी नारळाचा रस. हे सांभाळणाऱ्या बायकांचं नाव सिनेगॉगच्या कुठल्याही संगमरवरी पाटीवर फारसं दिसत नाही. पाट्या देणगीदारांच्या असतात.

तर रब्बीला विचारायचे प्रश्न लोक मलाच विचारत. एक बाई मलिद्याच्या आदल्या संध्याकाळी आल्या. मलिदा म्हणजे आमचा नवस फेडायचा विधी, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने. ताटात भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, वर बेदाणे, आणि भोवती फळं मांडलेली. बाई म्हणाल्या, “हझानसाहेब, धाकटीने परजातीत लग्न केलंय. जावई येतो म्हणतोय. ताटाशी बसवू का? थोरले दीर रागावतील.” मी म्हटलं, “बसवा. पोहे एक वाटी जास्त भिजवा.” दीर रागावले, माझ्यावरही रागावले. पण खोबरं त्या जावयानेच खवलं, आणि पुढच्या वर्षापासून दरवर्षी तोच खवू लागला. मला कुणी पोथी काढून विचारलं असतं तर माझ्याकडे पुरावा नव्हता. परदेशातून आमच्याकडे शिकवायला आलेल्या एका पाहुण्यांनी तर मलिदाच शास्त्रात नाही म्हणून सांगितलं. असेल. पण शास्त्राची पुस्तकं हाती नव्हती तेव्हाही आमच्या घरांत ते ताट मांडलं जात होतं.

पुराव्यावरून आठवलं. १९४८ नंतर आमची माणसं इस्रायलला जायला लागली. हिंदुस्थानात तेव्हा आम्ही सुमारे २०,००० असू. १९६२च्या सुमाराला तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी ठरवलं की बेने इस्रायल मुलामुलीचं लग्न दुसऱ्या ज्यू घरात लावायचं तर आधी त्यांच्या आईच्या, आजीच्या कुळाची चौकशी करायची. मी तेव्हा पोरगा होतो. वडिलांकडे पत्रं येत: आजीचं लग्न कुठल्या साली झालं, कुणी लावलं, दाखला पाठवा. हेखाल म्हणजे तोरा ठेवायची जागा; वडील तिच्या बाजूच्या कपाटातून लग्नांची वही काढत. पावसाळ्याच्या ओलीने पानं एकमेकांना चिकटलेली. ती मी पातळ सुरीने सोडवायची आणि वडिलांनी नकलून काढायची. ते एरवी शांत माणूस, पण त्या दिवसांत टाक इतका दाबत की कागद फाटे. आमच्या लोकांनी तिकडे निदर्शनं केली, उपोषणाला बसले. १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्व दृष्टींनी ज्यू आहेत. पत्रं हळूहळू थांबली. त्या वहीमुळेच असेल, दारात आलेल्या माणसाकडे कागद मागायचं माझ्या जिवावरच येई.

माझ्या काळात अडचण उलटी झाली. कागद होते, माणसं नव्हती. पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्याला मिनियान म्हणतात. शनिवारी सकाळी नऊच जमले की दहाव्यासाठी कुणाला तरी एसटी स्टँडवर पाठवायचं. मुंबईच्या गाडीतून कुणी पेणकर, झिराडकर उतरला की त्याची पिशवी धरायची, म्हणजे माणूस आपोआप मागे येतो. एकदा असा धरून आणलेला गृहस्थ लग्नाच्या वऱ्हाडात जायला निघाला होता. प्रार्थना संपेपर्यंत इस्त्रीच्या कोटात घामाघूम होऊन बसला, आणि निघताना समितीच्या दानपेटीत पाच रुपये टाकून गेला.

आता गर्दी होते ती डिसेंबरात. इस्रायलमधल्या अश्दोद, लोद, दिमोना इथून नातवंडं येतात, कबरी शोधतात. हिब्रू त्यांचं रोजचं, त्यामुळे माझ्या उच्चारांवर हसतात. हसोत. लग्नात मात्र त्यांना माझ्याकडे यावं लागतं. आमच्यात वधू सिनेगॉगमध्ये आली की नवरदेव तिच्यासाठी ‘योनाती झिव’ हे हिब्रू गीत गातो. शब्द त्यांना येतात, कोकणातली चाल येत नाही. येत्या डिसेंबरात एक लग्न आहे. हझान आता तरुण आहे, लग्न तोच लावेल. चाल शिकवायचं तेवढं माझ्याकडे आलंय. नवरदेव बीरशेब्याचा, रोज रात्री फोन करतो. पहिल्याच ओळीत सूर इतका वर नेतो की तिसऱ्या ओळीला खोकला येतो. त्याची आजी मागून मराठीत ओरडते, “अरे, खाली घे!”

नमस्कार.