घंटागाडी पाखाडीपाशी थांबते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी होड्या बंदराला लागतात, लिलाव सुरू होतो. खाडीकाठच्या वाडीतल्या बहुतेक बाया तेव्हा पाट्या घेऊन जेटीवर असतात. नेमकी त्याच वेळी वर रस्त्यावर घंटागाडी येते, पाच मिनिटं थांबते आणि निघून जाते. पाखाडीच्या, म्हणजे वाडीत उतरणाऱ्या दगडी वाटेच्या, पायऱ्या काही तिला उतरता येत नाहीत. दुपारी दमूनभागून घरी आलेली बाई मासळीची खवलं, डोकी, उरलासुरला भात एका पिशवीत बांधते. ती पिशवी खाडीत जाते. मग आपण म्हणतो, या लोकांना स्वच्छतेची जाणच नाही. मला हे ऐकवत नाही.

बचत गटाच्या कामामुळे अशा वाड्यांमध्ये माझं जाणं-येणं असतं. सुरुवातीला मीही पत्रकंच घेऊन गेले होते, हिरव्या-निळ्या डब्यांचं चित्र असलेली. एका आजींनी पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, “डबो गावतलो गो बाये, पण तो वर रस्त्यार नेतलो कोण?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते त्यांच्याच परसात होतं. पूर्वी घरोघरी गायरी, म्हणजे खताचा खड्डा, असायची. शेण, चुलीतली राख, पातेरा म्हणजे पालापाचोळा, फणसाची चारखंडं म्हणजे साली, सगळं तिच्या पोटात जायचं आणि मिरगाआधी खत होऊन शेतात पडायचं. गुरं गेली, गायरी बुजली. म्हणून आता आम्ही ‘कंपोस्ट’ म्हणतच नाही. गायरी पुन्हा करूया, एवढंच म्हणतो. मग बायाच आम्हाला शिकवायला लागतात.

चार घरांत मिळून जांभ्याच्या चिऱ्यांचा एक हौद पुरतो. चिऱ्यांमध्ये हवेला फटी ठेवायच्या. तळाला नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, आणि सुका पातेरा, त्यावर ओला थर, पुन्हा पातेरा. मासळीचं असेल तर पातेरा दुप्पट आणि वर माती, नाहीतर कुत्री उकरतात. आपल्याकडच्या पावसात वर माडाच्या विणलेल्या झापांचं छप्पर हवंच. पाणी साचलं की हवा कोंडते, घाण वास सुटतो आणि मिथेन वायू तयार होतो. नीट जमलं तर दोन-तीन महिन्यांत माडांना घालायला खत मिळतं.

ओलं बाजूला गेलं की सुकं कोरडं राहतं, आणि कोरड्या पुठ्ठ्याला, बाटल्यांना भंगारवाला पैसे देतो. फाटकी जाळीही पोत्यात भरून ठेवा. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांत कासवं अडकून मरतात.

हे आपल्याकडे होणार नाही, असं वाटत असेल तर वेंगुर्ल्याला जाऊन या. तिथल्या नगरपरिषदेनं डंपिंगच्या जागेचं रूप असं पालटलं की लोक ती मुद्दाम बघायला येतात. सुका कचरा वीसहून जास्त प्रकारांत वेगळा होतो, ओल्यापासून बायोगॅस होतो.

घरातच कचरा वेगळा करायचा, असं घनकचऱ्याचे सरकारी नियम सांगतात. पण तो उचलायला कोणी आलंच नाही, तर वेगळा करणाऱ्याचं मन मोडतं. म्हणून ग्रामपंचायतींना आणि नगरपरिषदांना माझी कळकळीची विनंती आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, बरीच माणसं घरी असतात. त्या दिवसांत वाडीत उतरा, ओटीवर बसा, त्यांचं ऐका. आणि बायांनो, गाडी किती वाजता यावी, पाखाडीच्या कुठल्या टोकाला थांबावी, हे तुम्ही आपसात ठरवा आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत उभं राहून सांगा.