दाटीत टिकणारा मका

[दृश्य: कृष्णाकाठचं काळं रान, नंतर माणदेशातला मुरमाड माळ]

भिलवडीच्या आसपास कृष्णाकाठी भारी काळी जमीन, नदीच्या उपशाचं पाणी आणि रब्बीत स्वच्छ ऊन. दहिवडी-म्हसवडकडे उथळ मुरमाड रान, वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही खंड देत. मका दोन्हीकडे घेतात. कोंबडीखाद्याला जातो, मुरघासाला जातो, जनावरांना हिरवा घालतात. पण एकाच पिशवीतलं बियाणं दोन्हीकडे एकाच अंतरावर टोकलं, तर एका रानाची ताकद वाया जाते आणि दुसऱ्या रानात वांझ, म्हणजे कणीस न लागलेली, ताटं उभी राहतात. वाणातच दाटी सोसायची ताकद नसेल, तर खताची मात्रा वाढवून ती आणता येत नाही. ती पैदाशीच्या वेळी निवडून घ्यावी लागते.

[दृश्य: टोकण, ओळीवर धरलेला टेप]

आधी हिशेब. ६० बाय ३० सेंटिमीटरवर एकरी सुमारे २२,५०० झाडं बसतात, ७५ बाय २० वर २७,००० आणि ६० बाय २० वर ३३,७००. समजा २७,००० झाडांनी प्रत्येकी १३० ग्रॅम दाणे दिले, तर एकरी ३५ क्विंटल झाले. झाडं ३३,७०० केली आणि झाडामागे १२० ग्रॅम टिकले, तर ४० क्विंटल. पण तेच वजन ९० ग्रॅमवर उतरलं तर ३० क्विंटल. बियाणं जास्त लागलं, आणि माल पाच क्विंटल कमी. दाटी वाढली की झाडामागचं वजन घटणारच. किती घटतं, ते प्रत्येक वाणाचं वेगळं असतं.

गहू विरळ उगवला तर फुटवे धरून जागा भरून काढतो. मक्याला ती सोय नाही. एक ताट आणि बहुतेक वेळा एकच कणीस.

[दृश्य: तुरा, कणसातून बाहेर पडणारे केस, अगदी जवळून]

दाटीत नेमकं बिघडतं काय? हिरव्या पानांवरून परतणाऱ्या उजेडात तांबडा प्रकाश कमी आणि अतितांबडा जास्त असतो. त्यावरून झाडाला, प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच, शेजाऱ्याची चाहूल लागते आणि ते उंचीच्या मागे लागतं. कांडी लांबते, खोड बारीक राहतं, कणीस वरच्या पेऱ्यावर जातं. वाऱ्या-पावसात असा मका लोळतो.

याहून मोठं नुकसान फुलोऱ्यात होतं. तुरा पराग देतो आणि कणसाचे केस ते झेलतात, तेव्हाच दाणा धरतो. अन्न अपुरं पडलं की झाड आधी तुरा पुरा करतं, कणसाला उरलंसुरलं मिळतं. तुरा वेळेवर येतो, केस मागे पडतात. विरळ रानात हे अंतर एक-दोन दिवसांचं असतं. दाटीत किंवा पाण्याच्या ताणात कमकुवत वाणात ते आठवड्यावर जातं, आणि तोवर शेतातले बहुतेक पराग झडून गेलेले असतात. मग कणसाचा शेंडा बोडका राहतो, दाणे विखुरलेले बसतात, काही ताटांना कणीसच लागत नाही. वहीच्या एका रकान्यात तुऱ्याची तारीख, दुसऱ्या रकान्यात केसांची तारीख, एवढी साधी नोंद पैदासकाराला वाणाबद्दल सगळ्यात जास्त सांगून जाते.

उष्ण कटिबंधातल्या मक्यात हा दोष मुळातच जास्त. झाड उंच, पानं भरपूर, तुरा मोठा आणि फांद्यांचा. मेक्सिकोतल्या सिमिट या मका-गहू संशोधन संस्थेनं टुक्स्पेन्यो जातीच्या मक्यात फक्त बुटकेपणासाठी एकामागून एक १५ फेऱ्या निवड केली. त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. झाडाची उंची सुमारे २८० सेंटिमीटरवरून १८० पर्यंत आली, आणि सगळ्यात जास्त उत्पन्न देणारी दाटी हेक्टरी ४८,००० झाडांवरून ६४,००० वर गेली. उत्पन्नही वाढलं, कारण ताट वाढवण्यात जाणारं अन्न कणसाकडे वळलं. अमेरिकेत हेच वेगळ्या वाटेनं दिसलं. तिथल्या जुन्या आणि नव्या संकरित वाणांची तुलना मका पैदासकार डोनाल्ड डुविक यांनी केली. विरळ लावली तर झाडामागच्या उत्पन्नात जुन्या-नव्यांत फारसा फरक नव्हता. नव्यांची सरशी झाली ती दाटीत.

[दृश्य: पैदास प्रक्षेत्र, तुऱ्यांवर कागदी पिशव्या]

आता निवडीचं काम. संकराचे आईबाप म्हणजे शुद्ध वंश, इनब्रेड. कणसाचे केस बाहेर पडण्याआधीच त्यावर पिशवी चढवायची. आदल्या दिवशी दुपारनंतर तुऱ्यावर कागदी पिशवी बांधायची, म्हणजे बाहेरून आलेले जुने पराग रात्रीत मरतात. सकाळी दव उडालं की ९ ते ११ च्या दरम्यान पिशवीत झडलेले पराग त्याच झाडाच्या केसांवर टाकायचे. उशीर झाला आणि ऊन चढलं की पराग लवकर निकामी होतात. अशी दर पिढी झाडातला मिश्रपणा निम्म्यावर आणते. सहा-सात पिढ्यांत वंश स्थिर होतो, आणि खरीप-रब्बी धरले तर त्याला तीन-साडेतीन वर्षं लागतात. एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेली, झाडं काढून त्यांचे गुणसूत्र दुप्पट करण्याच्या पद्धतीनं हेच काम दोन-तीन हंगामांत होतं.

इथे एक फसगत नेहमी होते. पिशव्या बांधायला, ओळीत फिरायला मोकळं हवं म्हणून वंश विरळ लावले जातात. विरळ लावलेल्या झाडाला पोटभर ऊन, पोटभर अन्न. तिथे सगळेच वंश बरे दिसतात, आणि दाटीत वांझ राहणारे त्यांतच लपून पुढे सरकतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपासून प्रत्येक वंश दोन ठिकाणी लावावा. एक ओळ मोकळी, परागीकरणासाठी. दुसरी ६० बाय १५ वर, फक्त बघण्यासाठी. दाट ओळीत ज्याचे केस तुऱ्यामागोमाग एक-दोन दिवसांत आले, कणसाच्या वरची पानं उभी राहिली, तुरा लहान आणि कमी फांद्यांचा निघाला, कणीस झाडाच्या मध्यावर लागलं, त्याचंच बी पुढे न्यायचं. फक्त जोमदार दिसतो म्हणून मोठ्या तुऱ्याचा वंश ठेवण्याचा मोह आवरावा. मोठा तुरा अन्न खातो आणि खालच्या पानांवर सावलीही धरतो.

मग वेगवेगळ्या गटांतले वंश एकमेकांशी जुळवायचे. दोघांपैकी एकच दाटी सोसणारा असेल, तर संकराचा जोम विरळ रानात तो कमीपणा झाकतो आणि दाटीत उघडा पाडतो. दोन्ही बाजू सोशिक लागतात. भारतात १९६१ मध्ये आलेली गंगा १, गंगा १०१, रणजित आणि डेक्कन ही पहिली संकरित वाणं दुहेरी संकराची, म्हणजे चार वंशांची होती. त्यांत झाड झाडासारखं नसे. विरळ पेरणीत ते चालून जातं. दाट पेरणीत जे ताट चार दिवस मागे पडतं, ते सावलीत सापडून वांझ होतं आणि शेजाऱ्याचं पाणी-खत मात्र खातं. आजचा दोन वंशांचा एकेरी संकर दाटीला जास्त जुळतो, त्याचं हे एक मोठं कारण.

[दृश्य: चाचणी प्लॉट, पाट्यांवर अंतरं लिहिलेली]

चाचणीत ओळींतलं अंतर ६० सेंटिमीटर कायम ठेवावं आणि दोन झाडांतलं तेवढं बदलावं. ३०, २० आणि १५. दोन्ही बदलली तर फरक कशानं पडला ते कळत नाही. प्रत्येक दाटीचा मोठा पट्टा, त्या पट्ट्यात सगळे संकर, असं किमान तीनदा. प्रत्येक संकराच्या चार ओळी लावून मधल्या दोनच तोलायच्या, कारण कडेच्या ओळीला शेजारच्या बुटक्या वाणाचा फायदा किंवा उंच वाणाची सावली मिळते. एका ठिकाणी दोन दाणे टोकून १० ते १२ दिवसांनी विरळणी करावी. नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, मागाहून भरू नयेत. उशिरा उगवलेलं रोप दबून वांझ राहतं आणि तो दोष वाणाच्या नावावर जमा होतो. काढणीला ताटं मोजायची, वांझ किती, लोळलेली किती, हेही लिहायचं. वजन एकाच ओलाव्यावर आणल्याशिवाय तुलना करू नये. २२ टक्के ओलाव्याचे १०० किलो दाणे १४ टक्क्यांवर साधारण ९१ किलो भरतात. उशिरा पिकणारा, ओला वाण एरवी खोटा पुढे दिसतो.

अशा चाचणीत ३० सेंटिमीटरवर पहिला आलेला संकर १५ वर मागे पडलेला वारंवार दिसतो. म्हणून सगळ्या दाटींची सरासरी काढून एकच विजेता निवडणं आम्हाला पटत नाही. कृष्णाकाठच्या बागायती रब्बीला उभ्या पानांचा, मजबूत खोडाचा, दाणे भरेपर्यंत पानं हिरवी ठेवणारा आणि ६० बाय २० वर वजन टिकवणारा संकर हवा. माण, खटाव, आटपाडी, जत भागातल्या जिरायती रानाला लवकर येणारा हवा. शिवाय विरळ असताना कणीस मोठं करणारा, पावसानं साथ दिली तर दुसरं कणीसही भरणारा. ही दोन वेगळी झाडं आहेत, त्यांच्या निवडीची रानंही वेगळीच हवीत. हंगामही धरावा. कराड-पाटणकडे खरिपात आभाळ भरलेलं असतं, ऊन कमी मिळतं, दाटीत पानं सुकत नाहीत आणि करपा वाढतो. तिथे रब्बीची दाटी खरिपात चालत नाही.

बीजोत्पादनातही दाटी आडवी येते. ज्यांवर बियाणं धरायचं त्या मादी ओळींचे तुरे पराग झडण्याआधी काढतात, आणि दुसऱ्या मक्यापासून २०० मीटर अंतर राखतात. मादी वंश दाटीत भरला नाही, तर एकरी बियाणं कमी निघतं आणि बियाण्याची पिशवी महागते.

[दृश्य: काढणीआधीचं रान, ओळीत मोजणी]

आपल्या रानात वाण किती दाटी सोसतो, हे काढणीच्या पंधरा दिवस आधी मोजता येतं. ६० सेंटिमीटरच्या ओळी असतील तर १६ मीटर ७० सेंटिमीटर ओळ धरा, ७५ च्या असतील तर १३ मीटर ३० सेंटिमीटर. ती १० चौरस मीटर जागा झाली. तिथली ताटं मोजून ४०५ नं गुणा, एकरी खरी संख्या मिळेल. पिशवीवरच्या शिफारशीपेक्षा ती बऱ्याचदा कमी भरते. त्याच ओळीत वांझ ताटं आणि बोडक्या शेंड्याची कणसं मोजा. रानात चार-पाच ठिकाणी हेच करा. शंभरात पाच-सहापेक्षा जास्त ताटं वांझ असतील, तर आधी फुलोऱ्यात पाणी तुटलं होतं का ते आठवा. तुटलं नसेल, तर हा वाण त्या रानात पुढच्या वेळी २० ऐवजी २५ सेंटिमीटरवर टोका. वांझ एकही नसेल आणि कणसं शेंड्यापर्यंत भरली असतील, तर पुढच्या हंगामात दोन-तीन गुंठ्यांत अंतर १७-१८ वर आणून वेगळं तोला.